सीए फायनल ग्रुप १: तिसऱ्यांदा फॉर्म भरायचा धीर होत नाहीये

अर्धविराम | १६ जुलै २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे दोन वर्षं नुसती वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

६ जुलैला, आषाढीच्या दिवशी दुपारी दोन वाजता सीए फायनलचा निकाल लागला. मी मिरजेला घरी होते. आईने वरीचा भात आणि दाण्याची आमटी केली होती. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला, पण टीव्ही चालूच ठेवला. पंढरपूरची गर्दी मुक्यानेच हलत होती. मी रोल नंबर टाकला. ग्रुप २ पास. ग्रुप १ मध्ये एफआर (फायनान्शियल रिपोर्टिंग) ३८, एएफएम (अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट) ५१, ऑडिट ४९. एकूण १३८.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या तीन पेपरांत मिळून १५० लागतात. नोव्हेंबर २०२४ ला मला एफआरमध्ये ३६ होते. सहा महिने घासून दोन मार्क वाढले.

आईने विचारलं, "म्हणजे अर्धं झालं ना गं?" मी हो म्हटलं. बाबा काहीच बोलले नाहीत, त्यांनी आमटीची वाटी माझ्याकडे सरकवली. त्या वाटीने मला जास्त रडू आलं.

आता पुण्यात परत आले आहे. नारायण पेठेत अभ्यासिका लावली आहे. सप्टेंबरच्या अटेम्प्टचा फॉर्म भरायची मुदत संपत आली आहे आणि मी अजून फॉर्म उघडलेला नाही. एफआरचा पेपर ३ सप्टेंबरला आहे, म्हणजे हातात ४९ दिवस. गणपती बसल्यावर आठव्या दिवशी पेपर. नदीकाठावर ढोलपथकांचा सराव सुरू झालाय, संध्याकाळी सात वाजले की खिडकीची काच हलते.

सकाळी आठला टेबलावर बसते. इंड एएस १०९ चं, म्हणजे फायनान्शियल इन्स्ट्रुमेंट्सवरच्या अकाउंटिंग स्टँडर्डचं तेच पान चार दिवस उघडं आहे. पाणी प्यायला उठते, बाटली भरते, परत येते, पुन्हा उठते. मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघून झाले. बघताना अंगात वारं भरतं, मोबाईल खाली ठेवला की सगळं ओसरतं. आर्टिकलशिपमधल्या (सीएच्या हाताखालच्या उमेदवारीतल्या) चौघींपैकी तिघी नोकरीला लागल्या. एकीने पगार झाला म्हणून आम्हाला जेवायला नेलं आणि मी तिच्यासाठी मनापासून खूश होते, पण त्या रात्री झोप लागली नाही.

मला "तू करू शकतेस" असं ऐकायचं नाहीये. ज्यांनी सीए, सीएस, कॉस्टिंग किंवा तसलीच कुठली परीक्षा दोनदा-तीनदा देऊन काढली, त्यांनी कृपा करून सांगा: मन लागत नव्हतं तेव्हा तुम्ही सकाळी उठून प्रत्यक्षात काय करायचात?

---

कृष्णाकाठ | १७ जुलै, सकाळी ७:०५

मिरजेची म्हणजे आमच्या शेजारचीच तू. मला यातलं काही कळत नाही, पण बाबांनी वाटी सरकवली ते वाचून थांबले. जाणकार येतीलच. तोवर रोज रात्री दहाला फोन उशाखाली न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेव, एवढं एका आईचं ऐक.

---

सरळरेषा | १७ जुलै, सकाळी ९:३०

मी वेगळं बोलणार आहे. राग मानू नकोस.

मी फायनलला सहा अटेम्प्ट दिले. सहाव्यानंतर सोडलं. आज चाकणला एका कंपनीत अकाउंट्स बघतो, घर आहे, मुलगी तिसरीत आहे, रात्री झोप लागते. मला पस्तावा सोडल्याचा नाही, चौथ्या-पाचव्याचा आहे. ते दोन मी अभ्यासासाठी दिलेच नव्हते. "सोडलं" हे घरी सांगायला लागू नये म्हणून दिले. फॉर्म भरायचा, पुस्तकं मांडायची, आणि मनात ठाऊक असायचं की आपण यात नाही आहोत.

म्हणून माझा सल्ला एवढाच की आधी तारीख ठरव. अमुक अटेम्प्टपर्यंत पूर्ण जीव लावून, त्यानंतर नाही. ती तारीख घरच्यांना सांग. दोर कुठवर आहे ते कळलं की माणूस विहिरीत नीट उतरतो. आणि सोडणं म्हणजे आयुष्यातून उठणं नव्हे, हे मी स्वतःच्या संसारावरून सांगतो. इंटर पास आणि आर्टिकलशिप पूर्ण केलेल्या माणसाला बाजारात काम आहे.

---

मुनीमजी_सोलापूर | १७ जुलै, दुपारी १:१५

सरळरेषा, तुमचं चौथ्या-पाचव्याबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ते तुम्ही उघडपणे लिहिलंत याबद्दल आदर वाटला. पण या मुलीची गोष्ट तिथे नाही असं मला वाटतं. का, ते सांगतो.

मी १९९६ ला पाचव्या प्रयत्नात सीए झालो. तेव्हा फायनलला आठ पेपर असत, चार-चारचे दोन ग्रुप, आर्टिकलशिप तीन वर्षांची. पासाचा नियम मात्र हाच, ४० आणि ५० टक्के. माझ्या धाकट्या भावाचं लग्न माझ्या चौथ्या निकालानंतर आठव्या दिवशी होतं. मांडवात प्रत्येक जण विचारायचा, आणि मी अक्षता वाटायचं काम मागून घेतलं होतं, म्हणजे एका जागी उभं राहावं लागत नाही.

अर्धविराम, आता मी विचारतो त्याचं उत्तर प्रामाणिकपणे दे. तुझं मन अभ्यासात लागत नाही की एफआरमध्ये लागत नाही? तू याच महिन्यांत डायरेक्ट टॅक्स, जीएसटी आणि तो चार तासांचा ओपन बुक पेपर काढला आहेस. ज्याची इच्छाच मेली आहे त्याच्याने ग्रुप २ निघत नाही. म्हणजे घोडं एका ठिकाणी अडलंय. माझ्या ऑफिसात तीस वर्षांत शेकडो आर्टिकल्स येऊन गेले. "सर, मूडच लागत नाही" म्हणणाऱ्याला मी पुढचा प्रश्न विचारतो, कुठल्या पानावर? पान नेहमी तेच निघतं.

दुसरं. निकालापासून ३० दिवसांत उत्तरपत्रिकेच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करता येतो. एका पेपरला ५०० रुपये. आजच्या आज एफआरसाठी अर्ज कर. मार्क वाढतील या आशेने नव्हे. तुझे ६२ मार्क नेमके कुठे गेले ते तुला माहीत नाही, आणि जे माहीत नाही त्याची भीती माणूस घरभर पसरवून ठेवतो. माझ्या काळी ही सोय असती तर माझे दोन प्रयत्न वाचले असते.

तिसरं, आकडे. नोव्हेंबर २०२४ ला ग्रुप १ ला ६६,९८७ जण बसले, त्यातले ११,२५३ पास झाले. १६.८ टक्के. हा आकडा तुला घाबरवायला सांगत नाही. मिरजेच्या गल्लीत तू एकटी नापास झालीस असं तुला वाटतंय म्हणून सांगतो. त्या निकालाच्या दिवशी ५५ हजारांहून जास्त घरांत अशीच वाटी कुणीतरी सरकवली असेल.

फॉर्म भर.

---

अर्धविराम | १७ जुलै, रात्री १०:२०

मुनीमजी, तुमचा प्रश्न वाचून अर्धा तास नुसती बसले. खरं आहे. ऑडिट काढून बसले की दोन तास कसे जातात कळत नाही. पाण्याची बाटली फक्त एफआरला भरायला उठते. त्यातही कन्सॉलिडेशन (मूळ कंपनी आणि तिच्या उपकंपन्यांचे हिशेब एकत्र करणं) आणि फायनान्शियल इन्स्ट्रुमेंट्स, हे दोनच. हे मला इतके दिवस दिसलं नव्हतं, किंवा दिसू दिलं नव्हतं.

सरळरेषा दादा, राग अजिबात नाही. बाबांना फोन करून सांगितलं: सप्टेंबर आणि जानेवारी, त्यानंतर बसून विचार करू. (यंदापासून फायनलही वर्षातून तीनदा होणार आहे.) ते म्हणाले, "बरं." मग थोड्या वेळाने त्यांनीच परत फोन केला आणि विचारलं, फी भरायला पैसे पाठवू का. फॉर्म भरला. एफआरच्या प्रतीचाही अर्ज केला.

---

ठुशी | १८ जुलै, पहाटे ५:१०

शाब्बास. आता कामाचं बोलू.

मी नाशिकची. पहिला मुलगा झाला तेव्हा फायनल सोडली, आठ वर्षांनी पुन्हा धरली, चौतिसाव्या वर्षी ग्रुप १ निघाला. मला वेळ मिळायचा पहाटे चार ते सात. सातला कुकर लावावाच लागायचा. त्यामुळे माझ्याकडे मूड ही चीजच नव्हती, मूडची वाट बघायला सव्वासात वाजले असते.

पहिले दोन महिने मी वाचायचे. सॉल्व्ह केलेलं उदाहरण वाचायचं, "हो, बरोबर", पुढचं पान. सगळं येतंय असं वाटायचं. मग एक दिवस वीज गेली, इन्व्हर्टरवर एकच दिवा, पुस्तक नीट दिसेना. म्हटलं कालचंच उदाहरण कोऱ्या कागदावर लिहून बघू. तिसऱ्या ओळीत अडकले. वाचून कळणं आणि हाताला येणं यात किती अंतर आहे ते त्या दिवशी समजलं.

त्यानंतर नियम केला. १०० मार्कांना १८० मिनिटं, म्हणजे एका मार्काला १.८ मिनिटं. १४ मार्कांच्या प्रश्नाला २५ मिनिटं. घड्याळ लावायचं, पुस्तक मिटायचं, पेनाने लिहायचं. २५ मिनिटं झाली की पेन खाली, अर्धं असलं तरी. मग हिरव्या पेनाने स्वतः तपासायचं. रोज असे तीन प्रश्न. "आज सहा तास अभ्यास केला" हे मी डायरीत लिहिणं बंद केलं, "आज तीन उत्तरं लिहिली, १४ पैकी ५, ८, ७" असं लिहायला लागले. तास खोटं बोलतात गं. उत्तरं नाही बोलत.

तुला वाटतं आधी मन लागेल मग लिहिशील. माझं उलटं झालं. पहिलं उत्तर जबरदस्तीने लिहायचे, दुसऱ्याला जरा बरं वाटायचं, तिसरं टाकून उठवेनासं व्हायचं आणि तेवढ्यात कुकरची वेळ व्हायची.

स्टडी मटेरियल, आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर), मॉक टेस्ट पेपर सगळं सीए इन्स्टिट्यूटच्या बोर्ड ऑफ स्टडीजच्या पोर्टलवर फुकट आहे. नवीन क्लास, नवीन नोट्स, नवीन फॅकल्टी असलं काही आता विकत घेऊ नकोस. दुसऱ्या अटेम्प्टनंतर सगळ्यांना तो मोह होतो.

आणि एक. तू झोपेबद्दल लिहिलंस ते एका रात्रीचं असेल तर ठीक. पण आठवडा-आठवडा झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, नको ते विचार येत असतील, तर अभ्यास बाजूला ठेवून आधी डॉक्टर. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मी स्वतः एकदा फोन केला होता. लाजेचं काही नाही त्यात.

---

दर्यावर्दी | १८ जुलै, सकाळी ११:००

विषय तुमचा नाही, पण ठुशीताईंचं वाचून राहवलं नाही. मी रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत इंजिनिअर. क्लास टूच्या परीक्षेत लेखी निघाली आणि ओरलला दोनदा घरी पाठवलं. सर्व्हेअरने ऑइली वॉटर सेपरेटरची (पाण्यातून तेल वेगळं करणाऱ्या यंत्राची) आकृती काढून दाखवायला सांगितलं. जहाजावर मी ते यंत्र रोज चालवत होतो, १५ पीपीएमचा अलार्म वाजला की काय करायचं ते झोपेत सांगितलं असतं. कागदावर पाइपलाइन काढताना मात्र हात थांबला.

नंतर दीड महिना रोज रात्री जेवणानंतर बायकोसमोर एक यंत्र काढायचो आणि समजावायचो. तिला इंजिनातलं काही कळत नाही, पण मी कुठे अडखळतो ते तिला बरोब्बर कळायचं. "इथे तुम्ही आवाज बारीक केलात" म्हणायची. तिथेच खोट असायची. तिसऱ्या वेळी पास.

---

रात्रपाळी | १९ जुलै, रात्री १२:३०

अर्धविराम ताई, मी पण सप्टेंबरला ग्रुप १ देतोय. दुसरा अटेम्प्ट. लातूरचा आहे, दिवसा एका फर्ममध्ये काम करतो, रात्री अभ्यास. मराठी माध्यमाचा. पेपर इंग्रजीत किंवा हिंदीतच लिहावा लागतो, त्यामुळे माझी अडचण दुप्पट होती. मला वाटायचं विषय अवघड आहे. अवघड भाषा होती.

इंड एएस १०९ वर तू अडकली आहेस म्हणून सांगतो, मी कसा सुटलो. त्यातला एक्स्पेक्टेड क्रेडिट लॉस (ईसीएल), म्हणजे उधारीतलं किती बुडेल याचा अंदाज, काही केल्या डोक्यात शिरत नव्हता. आमच्या वडिलांचं गावात खता-बियाण्यांचं दुकान आहे. पेरणीला माल उधार न्यायचा, सोयाबीन निघाल्यावर पैसे. दिवाळीला गेलो होतो तेव्हा ते उधारीची वही घेऊन बसले होते. म्हणाले, "यंदाची उधारी शंभरातले अठ्ठ्याण्णव येतात. एक वर्ष जुनी झाली की ऐंशी धर. दोन वर्षं झाली तर अर्धी गेली समज. आन् पाऊस लांबला की सगळ्यातच कमी धरायचं." म्हटलं, अण्णा, पुन्हा सांगा.

ताई, ती प्रोव्हिजन मॅट्रिक्स, म्हणजे बुडीत उधारीच्या तरतुदीचा तक्ता होता! उधारी किती जुनी त्यावर बुडण्याचा टक्का, आणि पुढे काय दिसतंय त्यावर तो टक्का बदलायचा. कुणी बुडवेपर्यंत थांबायचं नाही, उधार दिलं त्याच दिवशी थोडं गेलं असं धरायचं. स्टँडर्डमध्ये दुसरं काय आहे? मी वहीच्या त्या पानाचा फोटो काढून टेबलासमोर लावलाय. तेव्हापासून प्रत्येक स्टँडर्ड आधी मराठीत स्वतःला सांगतो, मग इंग्रजी शब्द बसवतो. इंड एएस ११६ म्हणजे भाड्याचा गाळा: गाळा आपला नाही, पण वापरायचा हक्क आपला आणि पुढचं भाडं आपल्या डोक्यावर, तर दोन्ही ताळेबंदात दाखवा. ऑडिटमधलं एसए (ऑडिटिंग स्टँडर्ड) ५७० म्हणजे हे दुकान पुढचे बारा महिने तरी चालेल का.

एक विचारू? आपण एकमेकांची उत्तरं तपासायची का? मला तपासणारं इथे कुणी नाही.

---

सरळरेषा | १९ जुलै, सकाळी ८:४५

रात्रपाळी, तुझ्या अण्णांना नमस्कार सांग. मला ईसीएल सहा अटेम्प्टांत कुणी असा सांगितला नाही.

अर्धविराम, त्याला हो म्हण. मी एकटा अभ्यास केला, खोली बंद करून. कुणाला काही दाखवायचं नाही, पास झाल्यावरच तोंड दाखवू असा हट्ट होता. त्या हट्टाने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं.

---

अर्धविराम | २० जुलै, रात्री ९:१५

रात्रपाळी, हो. रविवारी दुपारी दोन ते पाच, खऱ्या पेपरच्या वेळेत. लिहायचं, फोटो काढायचे, एकमेकांना पाठवायचे. सोमवार रात्रीपर्यंत तपासून परत.

खरं सांगते, हो लिहिताना पोटात गोळा आला. माझं अर्धवट उत्तर दुसऱ्या कुणी बघणार, हीच ती गोष्ट आहे जी मी टाळत होते.

---

अर्धविराम | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ५:५०

एफआरच्या उत्तरपत्रिकेची प्रत आली.

डाउनलोड करून दोन दिवस उघडली नाही. आज अभ्यासिकेत दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा उघडली. जे दिसलं ते लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिला आहे.

पहिली चार पानं माझी मलाच ओळखू येईनात इतकी सुंदर. पट्टीने आखलेले रकाने, वर्किंग नोट १, वर्किंग नोट २, खाली दुहेरी रेघ. पहिल्या प्रश्नाला १४ पैकी १०. मग कन्सॉलिडेशन. साडेतीन पानं. एक अख्खं पान तिरकी रेघ मारून खोडलेलं, आणि पुढच्या पानावर तेच पुन्हा, तशाच चुकीने. १४ पैकी ४. त्यानंतर अक्षर मोठं आणि तिरकं होत गेलंय. इंड एएस १०९ च्या उत्तरात नुसते आकडे, कुठून आले त्याचा एक शब्द नाही. आणि शेवटच्या पानावर उत्तराचा क्रमांक घातलाय, त्याच्याखाली रेघ मारली आहे, आणि बस. पुढे कोरं.

तो प्रश्न इंड एएस ११५ चा, म्हणजे विक्रीचं उत्पन्न कधी धरायचं त्याचा होता. तो मला येतो. आज पेपर काढून २३ मिनिटांत लिहिला.

दोन मार्कांनी गेले आणि येत असलेला १४ मार्कांचा प्रश्न कोरा सोडून आले. मला गेले महिनाभर वाटत होतं की माझ्यात कुवत नाही. ते कोरं पान बघून मी खूप रडले, पण आषाढीला रडले तसं नाही. अभ्यासिकेतल्या काकांनी काही न विचारता पंखा माझ्याकडे वळवून दिला.

---

मुनीमजी_सोलापूर | ३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

पोरी, हे वाचून मला माझा चौथा पेपर आठवला. मी अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंगला एका ताळेबंदातला फरक शोधत पाऊण तास घालवला होता. ताळेबंद जुळेपर्यंत उठायचं नाही ही आपल्याला लागलेली सवय. ऑफिसात ती चांगली आहे, परीक्षेत घात करते. न जुळलेल्या ताळेबंदालाही वर्किंग नोट्सचे मार्क मिळतात.

पुढचे ३० दिवस असे लाव. कन्सॉलिडेशन रोज एक, फक्त एक, पण २५ मिनिटं झाली की पेन खाली. हात थांबवण्याचीच तालीम कर. पेपरात तो प्रश्न तिसरा किंवा चौथा घे, पहिला कधीही नको. आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला ते चार शब्दांत. तपासणाऱ्याला तुझ्या मनातलं दिसत नाही.

एएफएम आणि ऑडिट हातचे गेले असं होऊ देऊ नकोस. तुला १५० ला १२ कमी होते. ते तिन्हींत वाटून घे.

---

ठुशी | ४ ऑगस्ट, पहाटे ४:४०

ते कोरं पान छापून घे आणि भिंतीवर लाव. लागल्यास मी म्हणते म्हणून लाव.

---

अर्धविराम | १७ ऑगस्ट, रात्री ११:००

ठुशीताई, लावलं आहे. 

थोडक्यात कळवते. चार रविवार झाले. रोजची तीन उत्तरं बहुतेक दिवस झाली. दोन दिवस अजिबात झाली नाहीत. एक दिवस ताप होता. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला, की तिच्या नणंदेचा मुलगा पहिल्या फटक्यात पास झाला. तो दिवस पूर्ण गेला. त्याच्या पुढच्या सकाळी फक्त एकच उत्तर लिहायचं ठरवलं, दोन झाली.

ढोलांचा आता त्रास होत नाही. सातला सराव सुरू झाला की मी ऑडिट मोठ्याने म्हणते, कुणालाच ऐकू जात नाही. आईला रोज रात्री फोनवर एक स्टँडर्ड मराठीत सांगते. काल एका कंपनीचा दुसरीवर कंट्रोल म्हणजे काय ते सांगत होते, की निम्म्याहून जास्त शेअर असणं एवढंच नाही, निर्णय कुणाच्या हातात, नफा-तोटा कुणाच्या अंगावर, आणि त्या निर्णयाने तो नफा-तोटा हलवता येतो का. आई म्हणाली, "मग सातबारा काकांच्या नावावर होता तरी शेत आजीच चालवायची, तसं." मी ते उदाहरण वहीत लिहून घेतलं.

---

रात्रपाळी | २५ ऑगस्ट, रात्री ११:५५

ताई, कालचा पेपर तपासला, फोटो पाठवलेत. एफआरच्या वर्णनात्मक ७० पैकी मी ४१ दिले, हात आखडूनच दिले. या वेळी एकही प्रश्न कोरा नाही.

कन्सॉलिडेशनला १४ पैकी ९. वेळ २६ मिनिटं लिहिली आहेस, चालेल. चूक एकच: माल सब्सिडियरीने (उपकंपनीने) होल्डिंगला (मूळ कंपनीला) विकला होता. त्या शिल्लक मालातला न कमावलेला नफा तू सगळा होल्डिंगच्या वाट्यातून वजा केलास. एनसीआयच्या (उपकंपनीतल्या बाकीच्या भागधारकांच्या) वाट्यालाही त्यांच्या टक्क्याने यायला हवा. त्यामुळे खालचे दोन आकडे बिघडले. गुडविल बरोबर.

माझा तपासलास का? ऑडिटच्या एथिक्सच्या प्रश्नाची मला धास्ती आहे.

---

अर्धविराम | २६ ऑगस्ट, सकाळी ६:२०

तपासला, पाठवतेय. एथिक्समध्ये तू निष्कर्ष बरोबर लिहितोस पण कुठल्या शेड्यूलचा कुठला क्लॉज ते लिहीत नाहीस, त्याचे मार्क मी कापलेत. बाकी ऑडिट तुझं माझ्यापेक्षा चांगलं आहे.

एनसीआयचं कळलं. उलट दिशेचा, होल्डिंगने सब्सिडियरीला विकलेला असाच प्रश्न गेल्या आरटीपीत आहे, दोन्ही शेजारी ठेवून आत्ता करते. उद्या गणपती बसतील, बाबा मिरजेहून मोदक घेऊन यायचं म्हणतायत, मी त्यांना दुपारी एकनंतर या म्हणून सांगितलंय. सकाळची तीन उत्तरं झाली की साडेबाराला फोटो पाठवते. तुझ्या लंच टाइममध्ये कन्सॉलिडेशन तेवढं बघून ठेव.